यादीतला क्रमांक

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

श्रोते हो, पहिली जानेवारी म्हटली की तुम्हाला नवं कॅलेंडर आठवत असेल. सरकारी कचेरीत उमेदीची वर्षं घालवलेल्या माझ्यासारख्याला एक यादी आठवते. ‘दिनांक १ जानेवारी रोजीची सेवाज्येष्ठता यादी’ हे तिचं नाव. लांबलचक कागद, त्यावर रकाने आखलेले: अनुक्रमांक, नाव, जन्मतारीख, नेमणुकीचा मार्ग, पदावर रुजू झाल्याचा दिनांक, सेवानिवृत्तीचा दिनांक आणि शेवटी शेरा. बाहेरच्या माणसाला यात वाचण्यासारखं काहीच दिसणार नाही. पण ही यादी आली की कचेरीत टेबलाटेबलावर माणसं माना खाली घालून वाचत बसतात. स्वतःचं नाव सापडलं की बोट आधी वर सरकतं, आपल्यापुढे कोण कोण आहे ते पाहायला. मग ते उजवीकडे निवृत्तीच्या रकान्यात जातं, पुढचा माणूस कधी घरी जाणार ते पाहायला.

आमच्या पिढीतल्या पुष्कळांची जन्मतारीख शाळेत गुरुजींनी १ जून लिहिलेली. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. त्यामुळे ३१ मे या एका दिवशी यादीतली बरीच नावं गळतात आणि मागच्यांचे क्रमांक भराभर पुढे सरकतात. निवृत्तीचं वय ५८. वरच्या जागा थोड्या, खालचे उमेदवार जास्त. म्हणजे यादीत चार क्रमांक मागे असलेला माणूस कधी कधी पदोन्नती न मिळताच निवृत्त होतो. पद गेलं की पगाराची श्रेणी गेली, आणि शेवटच्या पगारावर ठरणारं जुन्या पद्धतीचं निवृत्तिवेतनही तेवढं कमी झालं. यादीतल्या आकड्याचा संबंध असा थेट घरातल्या चुलीशी असतो.

मी बी. ए. होऊन १९९३ साली लिपिक म्हणून लागलो. राहायला घाटकोपर, कचेरी अंधेरीला. मेट्रो यायला तेव्हा एकवीस वर्षं होती. ३४० नंबरच्या बसमध्ये उभ्या उभ्या मी कविता जुळवायचो. कचेरीत मला आस्थापना शाखा मिळाली. म्हणजे नेमणुका, बदल्या, पदोन्नत्या आणि ही यादी. कविता करतो म्हणून सगळे मला ‘कविराज’ म्हणत.

त्या कचेरीत दोन माणसं होती. एक मुलुंडला राहणारे, सगळ्यांचे अण्णा. शिपायाच्या वरच्या पायरीपासून, म्हणजे कनिष्ठ लिपिकापासून, एक एक पायरी चढत आलेले. दुसरे बोरिवलीचे. त्यांना आम्ही बोरिवलीकरच म्हणत असू. ते स्पर्धा परीक्षा देऊन थेट वरच्या पदावर आलेले, वयानं अण्णांपेक्षा बरेच लहान. दोघांची टेबलं शेजारी. दुपारी डबा एकत्र. अण्णांच्या घरची उसळ बोरिवलीकरांना आवडायची, म्हणून अण्णांचा डबा एका पुडानं मोठा असायचा.

२००२ च्या यादीनं तो डबा बंद पाडला. ते कसं घडलं हे सांगण्याआधी हा सगळा प्रकार काय असतो ते समजून घेऊ.

सरकारी पदावर माणसं एकाच दारानं येत नाहीत. एक दार सरळसेवेचं, यालाच नामनिर्देशन असंही म्हणतात. जाहिरात निघते, परीक्षा होते, गुणवत्तेनं निवड होते. दुसरं दार पदोन्नतीचं. खालच्या पदावर काम केलेल्या, विभागीय परीक्षा पास झालेल्या माणसांची निवड समिती करते. काही ठिकाणी तिसरं दारही असतं, मर्यादित विभागीय परीक्षेचं. आपल्या राज्यात पोलीस उपनिरीक्षकाचं पद हे याचं ओळखीचं उदाहरण. तिथे सरळसेवेला निम्म्या जागा, मर्यादित विभागीय परीक्षेला पाव आणि पदोन्नतीला पाव असं प्रमाण ठरवलेलं होतं.

अशी अनेक दारं ठेवण्यामागे शहाणपण आहे. नुसती पदोन्नती ठेवली तर नवं शिक्षण, नवं रक्त येत नाही. नुसती सरळसेवा ठेवली तर खालच्या माणसाला वर चढायची आशा राहत नाही, आणि अनुभव वाया जातो. म्हणून प्रत्येक दाराला वाटा ठरवून देतात. त्यालाच आपण कोटा म्हणतो. अडचण आत आल्यावर सुरू होते. दोन दारांनी आलेली माणसं एकाच रांगेत उभी करायची, तर कोण पुढे आणि कोण मागे?

लोकलचं उदाहरण घेऊ. ठाण्याहून धिमी लोकल सुटली. समजा रेल्वेनं नियम केला की प्रत्येक चार आसनांपैकी तीन घाटकोपरच्या प्रवाशांची आणि एक आधीच्या स्टेशनांवरून चढणाऱ्यांची. मुलुंडला माणसं चढली. आपल्या वाट्याच्या आसनावर बसली. तीन रिकामीच. उभ्या असलेल्यांना रेल्वेचा माणूस म्हणाला, ‘गाडी रिकामी धावून कशी चालेल? तात्पुरते बसा.’ ते बसले. घाटकोपरला गाडी आली आणि नवे प्रवासी म्हणाले, ‘उठा, ही जागा आमच्या वाट्याची.’ बसलेला म्हणतो, मी केव्हापासून इथे बसलोय. आलेला म्हणतो, नियम वाचा. दोघंही खोटं बोलत नाहीत. आणि ज्यानं ‘तात्पुरते बसा’ म्हटलं तो केव्हाच पुढच्या डब्यात गेलेला असतो.

महाराष्ट्रात हे भांडण अगदी असंच झालं, आणि ते साऱ्या देशाला कायदा शिकवून गेलं. सार्वजनिक बांधकाम आणि पाटबंधारे खात्यांतल्या वर्ग दोनच्या अभियंत्यांचं, म्हणजे उपअभियंत्यांचं ते भांडण. १९६० च्या नियमांत सरळ भरती आणि पदोन्नती यांचं प्रमाण शक्यतो ७५ ला २५ असं धरलेलं. पण राज्यात धरणं, कालवे, रस्ते यांची कामं निघालेली होती आणि माणसं हवी होती. म्हणून खालच्या अभियंत्यांना मोठ्या संख्येनं वर आणलं गेलं, ‘स्थानापन्न’ म्हणून. काम उपअभियंत्याचं, सही उपअभियंत्याची, पण कागदावर स्थानापन्न. ज्येष्ठता मात्र नेमणुकीच्या तारखेवर ठरत नव्हती. ती ठरत होती नोकरीत कायम झाल्याच्या तारखेवर. सरळ आलेला अभियंता परिवीक्षा संपली की कायम व्हायचा. पदोन्नत झालेला वर्षानुवर्षं स्थानापन्नच राहायचा. परिणाम काय? आधी आलेला माणूस, त्यानंतर कितीतरी वर्षांनी आलेल्याच्या खाली.

हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७७ साली त्याचा निकाल लागला. पटवर्धन खटला म्हणून तो ओळखला जातो. निकालपत्र लिहिलं न्यायमूर्ती यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी, जे पुढच्याच वर्षी देशाचे सरन्यायाधीश झाले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: एखाद्याला कायम करणं हे त्याच्या कर्तबगारीवर अवलंबून नसतं, जागा रिकामी आहे की नाही यावरही नसतं, ते सरकारच्या सवडीवर असतं. अशा बेभरवशाच्या गोष्टीवर माणसाची ज्येष्ठता टांगून ठेवणं म्हणजे राज्यघटनेच्या चौदाव्या आणि सोळाव्या कलमांतल्या समानतेला धक्का. शिवाय कोटा असतो तो भरतीसाठी. एकदा दोघं एकाच संवर्गात आले की कायम करताना पुन्हा तो लावून भेद करता येणार नाही. कायम झाल्याच्या तारखेवर ज्येष्ठता ठरवणारी तरतूद न्यायालयानं रद्द केली.

भांडण इथे मिटायला हवं होतं. पण आता दुखावले गेले सरळ आलेले अभियंते. त्यांचीही बाजू नीट ऐकली पाहिजे. महाविद्यालयातून चांगल्या गुणांनी बाहेर पडलेला तरुण, खुल्या स्पर्धेतून निवडला गेलेला. त्याला नियमानं सांगितलं की चारातल्या तीन जागा तुमच्या. तो येऊन पाहतो तर त्या जागांवर दुसरेच बसलेले, आणि आता ते त्याच्या वर. हा त्याचा दोष आहे का? त्यांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठासमोर सुनावणी झाली आणि १९९० साली निकाल लागला. सरळ भरतीवाल्यांचं म्हणणं फेटाळलं गेलं. पण त्या निकालाचं मोल केवळ तेवढं नाही. न्यायालयानं ज्येष्ठतेबद्दलची सूत्रं एकेक करून क्रमानं लिहून ठेवली. कुठल्याही राज्यातल्या ज्येष्ठतेच्या खटल्यात ही सूत्रं काढली जातात आणि त्यांच्या उल्लेखात महाराष्ट्राचं नाव असतं.

त्यातली महत्त्वाची सूत्रं साध्या भाषेत सांगतो. पहिलं: नेमणूक नियमानुसार झाली असेल तर ज्येष्ठता नेमणुकीच्या तारखेपासून, कायम झाल्याच्या तारखेपासून नाही. पण नेमणूक नियमाबाहेर, केवळ वेळ भागवण्यापुरती असेल तर तो काळ धरायचा नाही. दुसरं: सुरुवातीच्या नेमणुकीत कार्यपद्धतीची काही उणीव राहिली, पण माणूस खंड न पडता त्याच पदावर राहिला आणि पुढे नियमानुसार नियमित झाला, तर आधीचा काळही मोजायचा. तिसरं: कोटा पाळणं अशक्य होऊन वर्षानुवर्षं तो पाळलाच गेला नसेल, तर तो नियम मोडून पडला असं समजायचं. आणि चौथं: असा कोटा मोडलेला असताना एका मार्गानं जास्त माणसं आली, पण ती निवडीची रीतसर पद्धत पाळून आली असतील, तर मागाहून दुसऱ्या मार्गानं आलेल्यांच्या खाली त्यांना ढकलायचं नाही.

पहिलं आणि दुसरं सूत्र एकत्र वाचलं की माणूस गोंधळतो. एकात तात्पुरता काळ धरू नका म्हटलंय, दुसऱ्यात धरा म्हटलंय. १९९३ साली पश्चिम बंगालच्या एका प्रकरणात न्यायालयानं याचा उलगडा केला. नियम डावलून, केवळ सोय म्हणून बसवलेल्याचा काळ धरायचा नाही. नियमांच्या चौकटीतच नेमलेला, पण एखादी तांत्रिक उणीव राहिलेला, त्याचा काळ धरायचा. म्हणजे प्रश्न आदेशातल्या शब्दाचा राहत नाही. प्रत्यक्षात काय घडलं याचा होतो. जागा होती का? माणूस पात्र होता का? समिती बसली होती का?

आपल्याकडे ज्येष्ठतेची तक्रार केवळ दोन दारांपुरतीही कधीच नव्हती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्य झालं. त्यात मराठवाडा हैदराबादेतून आला, विदर्भ मध्य प्रदेशातून आला, सौराष्ट्र आणि कच्छ आले. प्रदेशांबरोबर कर्मचारीही आले, प्रत्येकाची पदनावं वेगळी, पगार वेगळे, परीक्षा वेगळ्या. कुठलं पद कुठल्या पदाच्या बरोबरीचं आणि मग त्यात ज्येष्ठ कोण, हा घोळ १ मे १९६० ला महाराष्ट्र झाल्यावरही कित्येक वर्षं न्यायालयांत निस्तरला जात होता. विक्रीकर खात्यातल्या अशा एका प्रकरणात १९८१ साली सर्वोच्च न्यायालयानं एक भेद स्पष्ट केला. पदोन्नतीसाठी आपला विचार व्हावा हा कर्मचाऱ्याचा हक्क आहे. पण यादीत खाली सरकल्यामुळे पदोन्नतीची संधी कमी झाली, एवढ्यानं त्याच्या सेवाशर्ती बदलल्या असं होत नाही. हा भेद कायद्याला कळतो. घरी बायकोला सांगताना तो कळवणं अवघड जातं.

हा सगळा अनुभव गाठीशी धरून राज्य सरकारनं १९८२ साली ज्येष्ठतेचे विनियमन करणारे नियम केले, आणि २०२१ साली त्यांच्या जागी नवी नियमावली आणली. १९८२ च्या नियमांचा गाभा सोपा होता: ज्येष्ठता साधारणपणे त्या पदावरच्या अखंड सेवेच्या लांबीवर ठरेल. एका वेळी निवडलेल्या सरळसेवेच्या उमेदवारांत निवड यादीचा क्रम, मात्र दिलेल्या मुदतीत रुजू झालं पाहिजे. याशिवाय आपल्याकडे ‘मानीव दिनांक’ नावाची सोय आहे. एखाद्याला त्याच्या चुकीशिवाय उशिरा पदोन्नती मिळाली, तर ती अमुक तारखेला मिळाली असं मानायचं. अण्णांच्या गोष्टीत हा शब्द पुन्हा येणार आहे.

आता अण्णांकडे येऊ.

१९९७ साली आमच्या कचेरीत वरच्या काही जागा रिकाम्या होत्या. त्या सरळसेवेच्या वाट्याच्या. पण परीक्षेसाठी मागणीपत्र वर्षानुवर्षं गेलंच नव्हतं. कामं तुंबली, तेव्हा ठरलं की या जागा पदोन्नतीनं भरू. समिती बसली, गोपनीय अहवाल पाहिले, पात्र माणसं निवडली. अण्णा त्यांत होते. आदेशाचा मसुदा माझ्याकडे आला. मी सत्तावीस वर्षांचा. जुन्या आदेशाची प्रत समोर ठेवायची आणि नावं, तारखा बदलून टंकायचं, ही आमची रीत. जुना आदेश तीन महिन्यांच्या रजेच्या जागेवरचा होता. त्यात शब्द होते, ‘निव्वळ तदर्थ स्वरूपात, पुढील आदेश होईपर्यंत’. मी तसेच टंकले. मसुदा चौघांनी तपासला, साहेबांनी सही केली. अण्णांनी पेढे वाटले.

तदर्थ या शब्दाचा अर्थ मुंबईकराला लवकर कळावा म्हणून सांगतो: तदर्थ म्हणजे लोकलमधली चौथी सीट. माणूस बसलेला असतो, पण अर्धाच. अण्णा तसे बसले आहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मलाही नव्हतं.

१९९९ साली अखेर परीक्षा होऊन बोरिवलीकर आले. २००१ साली अण्णांची पदोन्नती नियमित झाली. २००२ च्या यादीत बोरिवलीकर वर, अण्णा चार क्रमांक खाली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘तदर्थ सेवा ज्येष्ठतेसाठी ग्राह्य नाही’. तो शेराही मीच टंकला होता.

अण्णा माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, ‘कविराज, पाच वर्षं मी सह्या करत होतो. त्या कोणाच्या सह्या होत्या?’

त्यांनी हरकत घेतली, ती फेटाळली गेली. मग ते मॅटमध्ये गेले. १९८५ च्या कायद्याखाली आपल्या राज्यात १९९१ साली महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण स्थापन झालं. सरकारी नोकरीची प्रकरणं तिथे चालतात, आणि १९९७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तिथल्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात जाता येतं. तिथे दाद मागायची तर ज्यांचा क्रमांक खाली जाणार त्यांना प्रतिवादी करावंच लागतं. ते योग्यही आहे. माणसाचं ऐकून न घेता त्याचा क्रमांक कसा बदलायचा? पण बोरिवलीकरांच्या घरी नोटीस गेली, तिच्यावर प्रतिवादी म्हणून त्यांचं नाव, आणि अर्जदार अण्णा. दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा आपल्या टेबलावर एकट्यानं उघडला. मला म्हणाले, ‘मी परीक्षा दिली, पास झालो. यात मी अण्णांचं काय घेतलं?’

मला दोघांनाही उत्तर देता आलं नाही. कारण दोघांचंही खरं होतं. चूक तिसऱ्याचीच होती. मागणीपत्र वेळेवर गेलं असतं तर दोघांच्या जागा आपापल्या तारखांना ठरून गेल्या असत्या. आणि त्या चुकीत एक शब्द माझा होता. एका ओळीतला एक शब्द जमावा म्हणून रात्र जागवणारा मी, सरकारी आदेशातला शब्द न वाचता टंकून मोकळा झालो होतो.

२००७ साली निकाल लागला. ‘तदर्थ’ या शब्दावर न जाता नेमणूक कशी झाली ते तपासून ज्येष्ठता नव्यानं ठरवा, असा आदेश झाला. कचेरीनं त्यालाही दोन वर्षं लावली. ३१ मे २००८ रोजी अण्णा निवृत्त झाले. त्यांचीही जन्मतारीख गुरुजींनी लिहिलेली १ जूनच. २००९ साली त्यांना वरच्या पदाचा मानीव दिनांक मिळाला. मधल्या काळाची थकबाकी नाही, कारण त्या पदावर प्रत्यक्ष काम केलेलं नाही. निवृत्तिवेतन मात्र थोडं वाढलं. ज्या खुर्चीत ते एकही दिवस बसले नाहीत, त्या खुर्चीतून ते कागदावर निवृत्त झाले. बोरिवलीकरांची पदोन्नती दोन वर्षं पुढे गेली.

हे जुनं झालं, आता असं होत नसेल, असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. प्राप्तिकर खात्यातल्या निरीक्षकांच्या प्रकरणात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की सरळ भरतीची प्रक्रिया ज्या वर्षाच्या रिक्त जागांसाठी सुरू झाली, त्या वर्षाची ज्येष्ठता त्या उमेदवाराला मिळावी, मग तो रुजू उशिरा का होईना. खात्याच्या दिरंगाईचा भुर्दंड त्याला कशाला? २०१९ साली मणिपूर पोलीस सेवेच्या प्रकरणात त्याच न्यायालयानं हा निकाल चुकीचा ठरवला: जो माणूस त्या दिवशी सेवेत आलेलाच नव्हता, त्याला त्या दिवसापासूनची ज्येष्ठता कशी देता येईल? आणि २०२२ साली हा २०१९ चा निकालही फेरविचारासाठी मोठ्या पीठाकडे पाठवण्यात आला. तराजू एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला झुकतो, कारण दोन्ही पारड्यांत माणसं आहेत आणि दिरंगाई दोघांचीही नाही.

नोकरीत असलेल्या श्रोत्यांसाठी दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. आपल्या नेमणुकीचा आदेश पुन्हा एकदा वाचा. तदर्थ, स्थानापन्न, तात्पुरती, पुढील आदेश होईपर्यंत असे शब्द असतील तर पेढे वाटण्याआधी लेखी विचारणा करा: जागा कायम रिकामी आहे का, समितीची शिफारस आहे का? आदेशाच्या आणि सेवापुस्तकातल्या नोंदींच्या प्रती घरी ठेवा. तात्पुरती ज्येष्ठता यादी आली की दिलेल्या मुदतीत लेखी हरकत घ्या आणि पोच घ्या. ती फेटाळली तर न्यायाधिकरणात जायची मुदत एक वर्षाची असते. ‘साहेब बघतो म्हणाले’ यावर वर्षं घालवू नका. २००९ साली ओडिशाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तीन-चार वर्षं अंमलात असलेली यादी सहसा विस्कटू नये. घटनापीठानंही १९९० साली हेच बजावलं होतं: बसलेली घडी पुन्हा पुन्हा मोडणं सेवेच्या हिताचं नाही.

आणि आस्थापना शाखेत बसलेल्या माझ्या धाकट्या भावंडांना एवढंच सांगणं आहे की मागणीपत्र वेळेवर पाठवा, समितीच्या बैठका वेळेवर लावा, यादी दरवर्षी काढा. जुन्या आदेशाची नक्कल करताना प्रत्येक शब्द वाचा. आता टाइपरायटर गेले, संगणक आले. नक्कल आणखी सोपी झाली आहे, म्हणून म्हणतो.

आम्हा कवींच्या जगातही ज्येष्ठता असते. मुशायऱ्यात धाकटे आधी वाचतात, बुजुर्ग शेवटी. कोणाच्या आधी कोणाला बोलावलं यावरून तिथेही रुसवेफुगवे होतात. म्हणून सूत्रसंचालक सुरुवातीलाच क्रम मागेपुढे झाल्याबद्दल माफी मागून घेतो. सरकारी यादीत माफीचा रकाना नसतो.

मी २०१५ साली स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्याआधी, २००९ साली, मानीव दिनांकाच्या आदेशाची प्रत द्यायला मी स्वतः मुलुंडला अण्णांच्या घरी गेलो होतो. टपालानं जाऊ शकली असती, पण मला काही सांगायचं होतं. सांगितलं. १९९७ चा तो शब्द जुन्या आदेशातून मी उचलला, न वाचता. अण्णा बराच वेळ प्रत वाचत राहिले. मग म्हणाले, ‘अरे कविराज, तू एकट्यानं टंकलास, पण चौघांनी तपासला होता ना! आणि वाचला मीही नव्हता. मी पेढे वाटत होतो.’

वहिनींनी चहा आणला. निघताना अण्णांनी विचारलं, ‘बोरिवलीकरांचं झालं का रे वरचं पद?’ मी म्हटलं, ‘अजून नाही. पुढच्या वर्षी होईल.’ ते म्हणाले, ‘झालं की मला कळव. पेढे मी पाठवीन.’

पुढच्या वर्षी झालं, मी कळवलं. अण्णांनी पेढ्यांचा पुडा पाठवला, माझ्याच हाती. बोरिवलीकरांनी तो टेबलावर ठेवला. संध्याकाळपर्यंत तो तसाच होता. कचेरी सुटताना त्यांनी तो पिशवीत घातला आणि घरी नेला.